उकर्डाभाऊचा तरोटा

तुम्ही आता मनात तयारी करून बसले असाल. एका माणसाबद्दल लिहिलंय म्हणजे तो गरीब असंल, मायाळू असंल. धोतर फाटकं, मन मोठं. दोनचार ठिकाणी हसवंल, शेवटी मरंल, आन तुम्ही चष्मा पुसाल. तर चष्मा खिशात ठेवा. आमचे उकर्डाभाऊ मेलेले नाहीत. अमडापूरकडं आहेत, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. धोतर घालत नाहीत, पँट घालतात, तीही इस्त्रीची. मायाळू तर बिलकुलच नाहीत. आन मले ते लय आवडत होते म्हणून मी हे लिहून राह्यलो, असंही समजू नका. मी त्याईच्यावर जळत होतो. दोन वर्ष, रोज, ड्यूटीच्या टाइमात.

सुलतानपूरच्या पुढं बरड जमिनीवर आमचा सोलर प्लांट आहे. मी तिथं कंट्रोल रूमचा ऑपरेटर. देऊळगाव राजाचा, आयटीआय झालेला, वडील शाळेत क्लार्क. काम म्हणजे स्क्रीनकडं पाहणं आन आकडे हिरवे आहेत तोवर गप बसणं. पण माझी खरी नोकरी दुसरीच होती. नकला. साहेब नाशिककडचे, कुठलाही हुकूम "ऐकताय ना?" म्हटल्याबिगर संपवत नसत. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरून नुसतं "ऐकताय ना?" म्हटलं की गेटवरचा गार्ड उठून टोपी घाले. चहाच्या टाइमाले सगळे माझ्याच खुर्चीभोवती. मी सुट्टीवर गेलो की प्लांटवर करमत नाही, असं लोकं म्हणत. मले ते खरं वाटे.

मंग उकर्डाभाऊ आले.

सोलर प्लांट म्हटला की तुमाले वाटंल, वर ऊन, खाली काच, काम खतम. तसं नसते. पाऊस पडला की पॅनलच्या खालून गवत उठते. एका काचेवर गवताची सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज कमी होते. हिवाळ्यात तेच गवत वाळते, मंग आगीची धास्ती. गवत आलं की उंदीर येते, उंदराच्या मागं साप येते. कुंपणाखालून रानडुक्कर, कुंपणावरून रोही, म्हणजे नीलगाई. हे सगळं पाहाले साहेबानं पंचक्रोशीतून माणूस शोधला, तो हा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं हे तिसरं उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, तेच नाव पडलं. नावात काही नाही. माणूस आमच्या साहेबापेक्षा टापटीप.

पहिल्या दिवशी आले तेव्हा पायात गमबूट आन दोन्ही हातांत पायमोजे. हो, हातांत. गाजरगवतानं त्याईच्या कातडीले खाज सुटे, म्हणून. एक मोजा लाल होता, दुसरा कोण्या नातवाच्या शाळेचा राखाडी. सोबत निंदणाच्या आठ बाया, त्याईची म्होरकी सुमनबाई. मी लगेच म्हटलं, भेटलं गिऱ्हाईक. दुपारी बायाईसमोर मी हातात पायमोजे घालून गमबुटातली चाल करून दाखवली. कोणी हसलं नाही. सुमनबाई म्हणे, "चाल बरी आहे रे. पण तू चालून राह्यला, भाऊ पाहून राह्यले असतात."

तिथून जळायले सुरुवात झाली.

त्याईची नक्कल होतच नसे. पकडायले काही दिसे, पण हातात घेतलं की सुटून जाय. बोलणं कमी. दोनच वाक्यं पुन्हा पुन्हा. एक, "फुलाच्या आत." गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा, नाहीतर उपटून उपयोग नाही, बी वाऱ्यावर जाते. हे गवतापुरतं ठीक. पण भाऊ सगळ्याच गोष्टीले तेच माप लावत. साहेबानं विचारलं, "गमबुटांची यादी कधी देताय?" तर भाऊ म्हणे, "फुलाच्या आत." आन साहेब मान हालवून जात. मी तसं म्हटलं असतं तर साहेबानं मेमो दिला असता.

दुसरं वाक्य, "कोण आलं ते नको सांगू, कुठून आलं ते सांग." गार्ड धावत येई, "भाऊ, डुक्कर आलं होतं." भाऊ बसल्या जागी विचारत, "कुठून?" माणसाईलेही तोच हिशेब. नाव कोणाचं लक्षात ठेवत नसत, गाव ठेवत. मले "ए देऊळगाव" म्हणत. गार्डले "दुसरबीड". साहेब नसले की साहेबाले "नाशिक". आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या माणसाले रोज एस.टी.च्या पाटीसारखी हाक ऐकावी लागे.

डुकराचंच सांगतो. कुंपणाखालून डुकरं उकरून आत येत. आधीच्या ठेकेदारानं प्रत्येक भोक सिमेंटनं भरलं, की डुक्कर बाजूले नवं उकरे. भाऊ दोन दिवस नुसते कुंपणाच्या बाहेरून उकिडवे बसत फिरले. मंग जाळीचे तुकडे मागतले आन ते कुंपणाच्या बाहेर जमिनीवर आडवे अंथरले, माती टाकून झाकले. मी हसलो. म्हटलं, "भाऊ, जाळी उभी लावतात, तुम्ही झोपवून राह्यले."

भाऊनं वर पाह्यलंही नाही. "डुक्कर कुंपणाले थोबाड लावते आन तिथंच उकरते. आता जाळीवर उभं राहून तीच जाळी उकरंल. दोन हात मागं सरून उकरायची अक्कल त्याले नाही." मंग म्हणे, "तुले आहे काय बे?"

बाया हसल्या. माझ्या नकलेवर हसत नव्हत्या त्या. आन डुकरं त्या दिवसापासून आत आली नाहीत. येऊन, उकरून, कंटाळून जात. सकाळी भाऊ ते उकरलेलं मले मुद्दाम दाखवायले नेत.

तरी हे मी पचवलं असतं. उंदराचं नाही पचलं.

पावसाळ्याच्या मधात एक दिवस अर्धा प्लांट बंद पडला. कंट्रोल रूमची केबल उंदरानं कुरतडली होती. साहेब तापले. कोणी म्हणे औषध टाका, कोणी म्हणे बाहेरच्या नालीतून आला. भाऊले बोलावलं. ते मोजे काढून खिशात ठेवून आत आले, भिंतीच्या कडेनं दोन चकरा मारल्या, आन सरळ माझ्या टेबलापाशी येऊन खालचा ड्रॉवर ओढला. आत माझा चिवडा होता. पुडी खालून फाटलेली, लेंड्या पडलेल्या. भाऊ साहेबाले म्हणे, "उंदीर कुठून आला ते समजलं. इथं त्याले मेस लावून देल्ली आहे."

साहेब हसले. गार्ड हसला. माझ्या खुर्चीभोवती जमून माझ्यावर हसायची ती पहिलीच वेळ. भाऊनं मंग भांडे घासायची तारेची घासणी मागतली, केबलच्या भोकात गच्च कोंबली, "दाताले लागते, कुरतडत नाही," म्हणे, आन गेले. पाच मिनिटाचं काम. मी साहेबाच्या नकलेले सहा महिने घालवले होते.

आता तरोट्याकडं येतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

तरोटा तुमाले मालूम आहे, कोणी त्याले टाकळा म्हणते. पहिल्या पावसात रस्त्याच्या कडेनं उगवते, कोवळा असला की भाजी करतात, मंग कमरेएवढा होते आन जनावर तोंड लावत नाही. आमच्या कंपाउंडच्या काठानं मात्र आधी नुसतं गाजरगवत होतं. बाहेरच्या पडीक रानातून बी उडून येई, बाया उपटत, पुन्हा येई. साहेबाले वरून दट्ट्या आला, की दरसाल बायाईले कामाले लावण्यापेक्षा फवारणीचा ठेका देऊन टाका. साहेबानं भाऊले बोलावून सांगतलं, "पुढच्या पावसाळ्यात पुण्याहून साहेब लोक बघायला येणार आहेत. काठाला गाजरगवत दिसलं तर फवारणीवाला येईल आणि तुमच्या बायकांचं काम बंद होईल. माझा नाइलाज आहे. ऐकताय ना?"

भाऊ म्हणे, "ऐकलं."

त्याईचं उत्तर म्हणजे तरोटा. प्लांटवर आल्या सालापासूनच त्याईनं काठावर तरोट्याचं बी फेकलं होतं. तरोटा दाट उठला की खाली गाजरगवताले ऊनच भेटत नाही, ते मरते. दोन पावसाळ्यांत तीन बाजू तरोट्यानं भरल्या. राह्यली रस्त्याकडची चौथी. तिच्यासाठी त्याच तीन बाजूचं बी पिकवून फेकायचं होतं. आठ बायाईचं काम त्या शेंगांमध्ये होतं. हे मले मालूम होतं. मालूम नव्हतं असं मी इथं लिहू शकलो असतो, तुमाले कोण सांगणार होतं.

त्या सालच्या दिवाळीच्या आधी रोही आत आले. नऊ. दुसरबीडनं, म्हणजे गार्डनं, गेट लोटायचं राह्यलं होतं. दिवसाउजेडी नऊ रोही पॅनलच्या ओळींमध्ये. आम्ही सगळे काठ्या घेऊन ओरडत सुटलो. एक रोही बिथरून काचेवर आपटणार तेवढ्यात भाऊचा आवाज आला, "बसा खाली. सगळे." साहेबही बसले. इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत.

भाऊ गेट पुरं उघडून, वळसा घालून रोह्याईच्या मागच्या अंगानं गेले, एका ओळीमागं उभे राह्यले आन तोंडाले हात लावून टिटवीचा आवाज काढला. धोका दिसल्यावर टिटवी जशी ओरडते तसा. एकदा, मंग थांबून दोनदा. नऊच्या नऊ माना वर झाल्या. कान फिरले. मंग ते आवाजाकडं पाठ करून, न पळता, रांगेनं गेटातून निघून गेले. लग्नातून जेवून निघालेल्या पाहुण्यासारखे.

सुमनबाई पदर तोंडाले लावून उभी. आन मी मातीत बसलेला, जळत. तुमाले सांगतो काऊन. मी साहेबाची नक्कल करतो तेव्हा सगळ्याईले मालूम असते की हा साहेब नव्हे, म्हणून तं हसतात. ह्या माणसानं टिटवी केली, आन रोह्याईले टिटवीच आली असं वाटलं. मी महिनाभर रूमवर टिटवी करून पाह्यली. घरमालकिणीनं खिडकीतून विचारलं, "पोटात दुखते काय रे?"

त्याच महिन्यात एक सोमवार. साहेब मीटिंगले बुलडाण्याले गेलेले. मी मुद्दाम तोच दिवस धरला. साहेब प्लांटवर असले तर वॉकीटॉकीवर स्वतःचाच आवाज ऐकतील ना. एवढी अक्कल होती मले. चहा झाला, खोलीत एकटा होतो. बटण दाबलं आन साहेबाच्या गळ्यातून बोललो, "उकर्डाजी, काठाचा सगळा तरोटा आजच्या आज कापून टाका. पुण्याची माणसं लवकर येतायत. ऐकताय ना?"

मले काय पाह्यजे होतं? बायाईचं काम जावं असं नव्हतं, खरं सांगतो. मले एकदा ह्या माणसाले चुकलेला पाहाचं होतं. एकदा तरी साहेबानं त्याले विचारावं, हे काय करून ठेवलं.

मंग भाऊ म्हणे, "आजच?"

"आजच."

"बरं."

मी कॅमेऱ्याचा स्क्रीन मोठा केला. त्याच्यात आवाज येत नाही, फक्त दिसते. भाऊ तरोट्यापाशी गेले. डाव्या हातातला राखाडी मोजा काढला. एक शेंग तोडली, कानाशी धरली, हालवली. मंग दहा पावलं जाऊन दुसरी तोडली. तीही कानाशी. मले वाटलं, म्हातारा निरोप घेऊन राह्यला. बटणावर बोट होतं, दाबून "राहू द्या" म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. भाऊनं हात केला, बाया विळे घेऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन बाजू बोडख्या. पेंढ्या बांधून त्याईनं ताडपत्रीवर नेऊन टाकल्या. मी पाहून राह्यलो होतो, पण पाहून काय राह्यलो ते मले समजत नव्हतं.

मंगळवारी साहेब आले. गाडीतून उतरताच म्हणे, "कंपाउंडचा तरोटा कोणी कापला?"

मी कप घेऊन गार्डच्या मागं सरकलो. साहेबाच्या मागं सगळे उभे. सुमनबाईनं तोंड उघडलं, "तुम्हीच तं काल...", तेवढ्यात भाऊ मधात बोलले. "म्या कापला, साहेब. वेळ झाली होती."

"मला विचारलं नाहीत?"

"तुम्ही बुलडाण्याले होते." भाऊ माझ्याकडं पाहत नव्हते. पायमोजे झटकून राह्यले होते.

साहेब "बरं" म्हणून आत गेले. मले वाटलं, वाचलो. मंग वाटलं, ह्यानं वाचवलं. मंग तर आणखीनच आग झाली. ज्याच्यावर जळायचं त्यानंच पाणी ओतावं, हा काय न्याय आहे? भाऊ मले काहीच बोलले नाहीत. पूर्ण हिवाळा, पूर्ण उन्हाळा. "ए देऊळगाव" म्हणून हाक मारत, डुकरानं उकरलेलं दाखवत, बस. मी नकला बंद केल्या. कोणी सांगतलं नव्हतं. "ऐकताय ना" तोंडात आलं की ताडपत्रीवरच्या पेंढ्या दिसत.

पावसाळा लागला. मी रोज ड्यूटीच्या आधी काठानं चक्कर मारे. मनात धरून चाललो होतो की आता गाजरगवत उठणार आन आठ बाया घरी बसणार, माझ्यापायी. पहिल्या आठवड्यात गोल गोल पानं उठली. दुसऱ्या आठवड्यात चारही बाजूनं तरोटा. रस्त्याकडच्या चौथ्या बाजूनं तर असा दाट, की सुमनबाई भाजी खुडून थकली. बी कुठून आलं ते माझ्या डोक्यात शिरेना. कापला होता ना सगळा.

पुण्याचे लोक आले, काठानं फिरले, गाजरगवत शोधून सापडलं नाही. फवारणीचा ठेका बारगळला. बाया कायम. वरून असं झालं, की कंपनीचा अमडापूरकडं नवा प्लांट होऊन राह्यला होता, तिथली सगळी जमीन पाहाले पुण्यावाल्याईनं भाऊलेच मागून घेतलं. मले दोन वर्षांत कोणी शेजारच्या टेबलासाठी मागून घेतलं नव्हतं.

जायच्या दिवशी त्याईले सुलतानपूरच्या स्टँडवर सोडायले मलेच पाठवलं, मोटरसायकलवर. मागं भाऊ, मांडीवर पोतं. स्टँडवर गाडीची वाट पाहत उभे होतो तर ते बोलता बोलता वाकून तिथलं गाजरगवत उपटत होते. बोलत म्हणजे, मीच बोलत होतो. एस.टी. आली. मी पोतं वर चढवून देल्लं. आतून बारीक दाणे वाजले. खिडकीतून त्याईनं पोत्यात हात घातला आन मूठ माझ्यापुढं उघडली. तरोट्याचं बी, भुरकं, चमकदार.

"त्या दिवशीच्याच पेंढ्या झोडून काढलं," भाऊ म्हणे. "ओळखलं नाही ना? कसं ओळखशील. काऊन बे देऊळगाव, वॉकीटॉकी बुलडाण्याहून लागते काय?"

मी खाली पडलेल्या गाजरगवताकडं पाहाले लागलो.

"आवाज साहेबाचाच होता, त्याच्यात खोट नाही. माझ्या बायाईले फरक समजला नाही. पण आवाज कोणाचा ते मी पाहत नाही, कुठून आला ते पाहतो. साहेब असते तं भांडलो असतो. तूच होता, म्हणून आधी शेंग पाह्यली."

कंडक्टरनं घंटीच्या दोरीले हात घातला. भाऊनं त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं दोरी सोडली. कंडक्टर असून.

"साहेब बनला त्याचं मले काही नाही. पण कापा म्हणायच्या आधी एक शेंग तोडली होती काय? कानाशी धरली होती काय? वाजली तं पिकली, नाही वाजली तं कच्ची. एवढं तं लेकराले समजते. माझं नशीब, वाजली. तू तेच आठ दिवस आधी बोलला असता, म्या कापला नसता, तिथंच सगळ्याईसमोर तुझं नाव घेतलं असतं, आन तुझी नोकरी गेली असती. कोणावर जळाचं तं जळ. पण जळणाऱ्यानं तरी वेळ पाहावी, पीक पाहावं. नुसतं तोंड चालवतो. दोन वर्ष माझी नक्कल करून राह्यला, मोजे घालून चालून राह्यला, पण म्या वाकून काय पाहतो ते एक दिवस तरी वाकून पाह्यलं काय?"

मी म्हटलं, "भाऊ, चुकलो."

"ते मले नको सांगू. चौथ्या बाजूची ह्या सालची शेंग कार्तिकात पिकंल, ती तू तोडशील. सुमनबाईले सांगून ठेवलं आहे, देऊळगाव कानाशी धरून पाहील, मंगच विळा लावा. आन चुकला तं अमडापूर लांब नाही, येऊन सगळ्याईसमोर बोलीन."

गाडी हालली. मले वाटलं, संपलं. तेवढ्यात खिडकीतून राखाडी मोजा घातलेला हात बाहेर आला, आन स्टँडवरच्या सगळ्या माणसाईले ऐकू जाईल अशा आवाजात भाऊ म्हणे,

"आन तो ड्रॉवरातला चिवडा काढून फेक आधी. उंदीर पुन्हा आला आहे, मले मालूम आहे."